अकरावा महिना

खड्डा खणून जेसीबी केळीच्या बांधावर उभा राहिला होता, तरी आशाबाईनं मोरनीला रोजच्यासारखा खरारा केला. आयाळ विंचरली. लीद काढली, खालचं ओलं गवत बदललं. भिजवलेले चणे पुढ्यात ठेवले. घोडीनं ते चवीनं खाल्ले आणि रिकामी बादली नाकानं ढकलून आणखी मागितले.

"दिसते का ही आजारी?" आशाबाईनं विचारलं.

जनावरांची डॉक्टर दीपाली तबेल्याच्या दारात उभी होती. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा सूट, डोळ्यांवर मोठा बंद चष्मा. "ग्लँडर्स असाच असतो, मावशी. वरून कळत नाही. दोनदा रक्त तपासलं, दोन्ही वेळा तेच आलं. बाकीच्या सहा घोड्यांना लागेल. तुम्हालाही लागेल."

"पंधरा दिवस द्या फक्त. अकरावा लागलाय तिला. कास भरलीये, सडांवर चीक आलाय. या, बघा तरी."

"एक दिवससुद्धा माझ्या हातात नाही."

"मग शिंगरू काढून घ्या. बायांचं काढतातच ना दवाखान्यात, पोट कापून?"

"या रोगात रक्ताचा थेंब सांडू द्यायचा नाही, मावशी. जिथं सांडेल तिथून पसरतो."

फाटकाबाहेर मालक नंदकुमार उभे होते. रिपोर्ट आल्यापासून आठ दिवस ते आत आले नव्हते; दाण्याची पोती फाटकाशी टाकून जात. तिथूनच ओरडले, "आशाबाई, कायदा आहे तो, मारावंच लागतं! माझा काय जीव तुटत नाही?"

दोन माणसं घोडीला न्यायला आत शिरली. मोरनीनं कान मागे पाडले आणि मागच्या पायांनी फळी फोडली. माणसं बाहेर पळाली.

"दोर टाकून ओढावी लागेल," दीपाली हळूच म्हणाली. "नाहीतर तुम्ही आणा."

 आशाबाईनं रबरी हातमोजे घातले, तोंडाला मास्क बांधला आणि लगाम हातात घेतला. "चल, बाई," ती म्हणाली. मोरनी तिच्या मागोमाग निघाली. वाटेत केळीचं पान दिसलं तशी थांबली, ते ओढून खाल्लं. आशाबाईनं तिला घाई केली नाही.

खड्ड्याच्या काठावर पहिलं इंजेक्शन झालं. घोडीचे गुडघे वाकले, ती हळूहळू कुशीवर झाली. दुसरं मानेत दिलं. दीपालीनं छातीला नळी लावून ऐकलं, घड्याळ पाहिलं.

"गेली."

आशाबाई खाली बसली आणि तिनं पोटावर हात ठेवला. आतून लाथ बसली. मग आणखी एक.

"मॅडम!" ती ओरडली. "आत जिवंत आहे!"

दीपाली तिच्याजवळ उकिडवी बसली. नळी तिनं कानाला लावली नाही. चष्म्याच्या काचेवर आतून वाफ धरली होती.

"थांबेल," ती म्हणाली. "थोडा वेळ लागतो."

जेसीबीवाल्यानं इंजिन सुरू केलं. आशाबाईनं एक हात वर करून त्याला अडवलं. दुसरा तिथून काढला नाही.