जेवल्यावर एक गोळी

कार्सो आजोबांच्या पायाची पट्टी सोडताच घाण वास आला. सिस्टर हातिनने गोळ्यांची पुडी चटईवर उपडी केली. एकवीस गोळ्या सात दिवसांत संपायच्या होत्या. आज आठवा दिवस, आणि चौदा शिल्लक.

"आजी, असंच चाललं तर पाय कापावा लागेल," ती तुकियेम आजींवर डाफरली. "वाचता येत नाही म्हणून मुद्दाम चित्रांचा कागद दिला होता ना?"

तो कागद हातिनचा फार लाडका. उगवता, डोक्यावरचा आणि मावळता असे तीन सूर्य. प्रत्येकाखाली आधी भाताचं ताट, मग गोळी, मग पाण्याचा पेला. 'शेंबडं पोरही चुकणार नाही,' असं जिल्ह्याचे डॉक्टर चारचौघांत म्हणाले होते, आणि तेव्हापासून बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आजींनी भिंतीवर खोचलेला कागद काढून आणला. "ह्याच्याबरहुकूमच देतेय."

"मग रोज तीन का नाही दिल्या?"

आजी चुलीकडे वळल्या. शेवटी आजोबाच भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "भात एकदाच मिळत होता, सिस्टर."

चुलीवर तिवुल वाफत होतं. त्या कोरड्या डोंगरात वर्षातले आठ महिने सगळे हेच खातात, वाळवलेल्या कसाव्याच्या कंदाच्या पिठाचं. आत येताना हातिनने ते पाहिलंही होतं.

"अहो, हे खातात ना आजोबा तिन्ही वेळा? ह्याच्यावर चालते की गोळी."

"ह्यानं पोट भरतं. पण ह्याला जेवण कोण म्हणतं?" आजींनी कागदावर बोट ठेवलं. "आणि इथं तर भातच काढलाय."

शेवयांचा भला मोठा वाडगा रिचवून घरी गेली की हातिनही आईला हेच सांगायची, अजून जेवले नाहीये. ताट काढताना तिचा हात आपसूक भाताकडे गेला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काहीही खाल्लेलं चालतं, आजी. तुमचं काही चुकलं नाही, माझंच चुकलं." मघाचं डाफरणं आठवून तिचे कान तापले. "आता आधी तिवुल द्या, मग गोळी. रोज तीनदा."

आजींनी नवऱ्याला भरवलं, गोळी दिली, पाणी पाजलं. मग तिच्यासमोर येऊन बसल्या.

"साठ वर्षांच्या संसारात कुणाच्या दारात उभी राहिले नव्हते," त्या म्हणाल्या. "सात दिवस सात घरी वाटी घेऊन गेले. सरपंचाची सून हसून म्हणाली, म्हाताऱ्याला आता भाताचे डोहाळे लागलेत वाटतं. मी पण हसले तिच्याबरोबर."

हातिन पेनने कागदावरची भाताची ताटं खोडू लागली.

"म्हणजे नसते गेले तरी चाललं असतं, होय?"