त्रेचाळीस नंबरची मादी

"सही करा, बाई. एका सहीला किती वेळ?" संचालकांनी पेन पुढे सरकवलं.

अहवाल दोनच पानांचा होता. या खाडीत शार्क माद्या पिल्लं घालायला येत नाहीत, तेव्हा तळाशी वीजवाहिनी टाकायला हरकत नाही. बाकी सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. उरली होती ती एकटी. संस्थेत तिला शार्कबाई म्हणत, आधी पाठीमागे, आताशा तोंडावरही.

तिने पेनला हात लावला नाही. वाळूत दडलेल्या माशाच्या अंगातली इवलीशी वीजही शार्कच्या नाकाडाला कळते. पृथ्वीच्या चुंबकत्वावरून ती शेकडो मैलांची वाट काढते. हे सिद्ध करण्यात शार्कबाईची अकरा वर्षं गेली होती. अशा प्राण्याच्या दारात वीजवाहिनी म्हणजे बाळंतिणीच्या उशाशी ढोल! तिचं डोकं तापलं होतं.

"शार्क काय माहेरपणाला येते?" संचालक हसले. "पुरावा आणा, नाहीतर सही करा. दोन्ही जमत नसेल, तर उद्यापासून तुमची बोट बंद, संशोधनही बंद."

"सही करणार नाही. पुरावा आणलाय."

तिने खिशातून एक पिवळा बिल्ला काढून टेबलावर आपटला. त्यावर शेवाळाची पुटं चढली होती. आज सकाळीच खाडीच्या तोंडाशी तिने आणि नावाड्याने एक मादी बोटीलगत धरली होती. दिवस भरत आलेली. रिवाजाप्रमाणे मापं घेतली, पंखावरचा ओळखक्रमांकाचा जुना बिल्ला काढून नवा लावला आणि तिला सोडलं. ती सरळ खाडीत शिरली. "हिला वाट विचारावी लागत नाही," नावाडीकाका म्हणाले होते.

"असले बिल्ले काय, छप्पन सापडतात," संचालक म्हणाले. तरी त्यांनी नखाने शेवाळ खरवडलं. आकडा दिसला, त्रेचाळीस. त्यांचं नख तिथेच थांबलं.

तिने काखेतली जुनी नोंदवही त्यांच्यापुढे उघडली. पान सतरा वर्षांपूर्वीचं. 'क्रमांक त्रेचाळीस. मादी, नवजात, नाळेची खूण ताजी. याच खाडीत धरली, याच खाडीत सोडली.'

"खालचा शेराही वाचा, सर. मोठ्याने."

सतरा वर्षांपूर्वी, साधे संशोधक असताना, संचालकांनीच आपल्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'ही बाळंतपणाला इथेच परत येणार. लावा पैज!'