बाबांना ऐकू येणारी ताई

बाबा एकटे राहू लागले तेव्हा धाकट्याने त्यांच्या दिवाणखान्यात कॅमेरा बसवला आणि ताईच्याही फोनवर तो जोडून दिला. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की ताई डोकावायची. बाबा पेपर वाचताना दिसले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

त्या दुपारी बाबा फोनवर खुशीत म्हणाले, "हल्ली तू कॅमेऱ्यातून बोलतेस, बरं वाटतं गं. घर खायला उठत नाही."

"मी कुठे बोलते? धाकटा असेल."

"तुझा आवाज ओळखत नाही होय मी?"

त्यांना थांबायला सांगून तिने दुकानाच्या फोनवरून भावाला विचारलं. तो हसला. "ताई, त्या कॅमेऱ्याला स्पीकरच नाही."

तिने लगेच आपल्या फोनवर कॅमेरा उघडला. स्क्रीनवर बाबा कॅमेऱ्याकडे बघत मान डोलवत होते.

"बाबा, काय करताय?"

"अगं, तूच म्हणालीस ना आत्ता? बाहेर उभी आहे, दार उघडा म्हणून?"

"मी दुकानात आहे! उघडू नका!"

बाबा गोंधळले. त्यांनी पुन्हा कॅमेऱ्याकडे कान दिला. मग परक्या बाईशी बोलावं तसं फोनमध्ये विचारलं, "आपण कोण बोलताय?"

आणि फोन टेबलावर ठेवून ते दाराकडे निघाले.