न दिसलेल्याचं नाव

दिसले: झेब्रे. दोन जिराफ. लांबवर हत्ती.
नाही दिसली: म्हातारी.

"कोण म्हातारी?" मागच्या सीटवरून तिनं विचारलं.

"सिंहीण आहे एक." गाइड कोइनेतनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. "आज तीच दाखवायचीय तुम्हाला."

"नाव काय तिचं?"

गाडी चालवणारा पारसालोई खो-खो हसला. "आमच्या गाडीत दोन नावं घेत नाहीत, मॅडम. न दिसलेल्या जनावराचं आणि मेलेल्या माणसाचं. पहिलं घेतलं तर जनावर येत नाही. दुसरं घेतलं तर माणूस येतो!"

"तू समोर बघ," कोइनेत म्हणाला. "मघाशी गाडी वारुळावर चढवत होतास."

तीही हसली. अर्धवट.

छावणीत तिनं आपलं नाव हेलन सांगितलं होतं. खरं नाव सिमालोई. कोइनेत तिचा सख्खा मोठा भाऊ. लग्नाच्या आदल्या पहाटे ती पळाली तेव्हा पोरगेलीच होती. गळ्यातल्या मण्यांच्या माळा ओढ्याकाठी फेकून, अनवाणी, थेट डांबरी रस्त्यापर्यंत. त्यानंतर इकडे पाऊल टाकलं ते कालच.

तिला त्याच्या तोंडून एकच शब्द हवा होता. त्यानं तिचं खरं नाव घेतलं, तर ती टेकडीपलीकडे आईकडे जाणार होती. नाही घेतलं, तर उद्या सकाळच्या गाडीनं नैरोबी. कायमची.

सकाळी तंबूत चहा घेऊन तोच आला होता. तिच्याकडे एकदा पाहिलं. न विचारता चार चमचे साखर घातली. मग म्हणाला, "चालेल ना, मॅडम?"

चार चमचे. तिला लागायची तेवढीच.

पण इथं सगळ्यांनाच तेवढी लागते.

*

दिसले: पाणघोडे. रानम्हशी. एक माग.

कोइनेत खाली उतरला. तीही उतरली. धुळीत गोल पावलं उमटली होती.

"बिबट्याची मादी. पिल्लांकडे गेलीय. नखं उमटलेली नाहीत, बघा. तरसाची उमटतात."

"माग खोटा बोलत नाही म्हणायचं."

"माग नाही बोलत. माणूस बोलतो." आणि तो बुटानं पावलं पुसायला लागला. एकेक, पार खडकापर्यंत.

"हे काय करताय?"

"मागून गाड्या येतायत. तिला आत्ता कुणी नकोय."

"सगळ्यांचेच माग पुसता?"

"नाही." त्यानं बूट झटकले. "बसा गाडीत. ऊन वाढलंय."

*

दिसली: तरसं. पिल्लांसकट सबंध खानदान.

बाभळीखाली गाडी लावून तिघं जेवायला बसली. तरसं समोरच लोळत होती. तिनं मन घट्ट केलं.

"तुम्हाला बहीण आहे, कोइनेत?"

तो चपाती तोडत होता. "होती."

"मग?"

उत्तर पारसालोईनं दिलं, तोंडात घास ठेवून. "या तरसांच्याच पूर्वजांनी नेली, मॅडम. ओढ्यावर. माळा तेवढ्या राहिल्या. या कोइनेतकाकांनीच तरसांचे माग ओळखले, काकांनीच माळा घरी आणल्या. आणि गंमत म्हणजे तिचं लग्न माझ्या बापाशी ठरलेलं! आज असती तर माझी धाकटी आई. तिनं मला कान धरून उठवलं असतं."

"तुला उठवायला ती एकटी पुरली नसती," कोइनेत म्हणाला.

"बाप अजून कुरकुरतो. तिच्यासाठी गाई दिल्या त्या दिल्या, तरसांकडे परत कशा मागायच्या? म्हणतो, कुठं जिवंत सापडली ना, तर आजही दोरी बांधून घेऊन येईन."

"नाव काय होतं तिचं?"

"मला काय माहीत? मी रांगत होतो तेव्हा. नंतर कुणी घेतलंच नाही."

तिनं काळा चष्मा काढला. सरळ कोइनेतकडे वळली. "तुम्ही सांगा."

तो बघत राहिला. एक तरस उठलं, अंग झटकून पुन्हा बसलं.

"सकाळी सांगितलं ना यानं, मॅडम. गेलेल्याचं नाव आम्ही घेत नाही."

तिनं चष्मा लावला.

ओळखलं नाही.
किंवा ओळखलं, आणि नकोय.
किंवा ओळखलं नाही.
पण साखर?
साखर सगळेच घालतात.

*

नाही दिसली: म्हातारी.
नाही दिसली.
नाही.

उन्हं तिरपी झाली. गवत पिवळ्याचं तांबडं झालं. गाडी तिसऱ्यांदा त्याच नाल्यावरून गेली.

"पुरे," ती म्हणाली. "छावणीत चला. सकाळी निघायचंय मला."

"थांबा थोडं."

"कशाला? एक सिंहीण नाही दिसली म्हणून मरत नाही मी."

"थांबा!" कोइनेतचा आवाज पहिल्यांदाच चढला. पारसालोईनं दचकून गाडी बंद केली. मग कोइनेत हळू म्हणाला, "एकदाच. माझं एवढं ऐका."

ती पुन्हा सीटला टेकली.

मग गवत हललं. फाटका कान दिसला, मग डोकं, मग खपाटीला गेलेलं पोट. सिंहीण कसलीही घाई नसल्यासारखी चालत आली आणि गाडीच्या सावलीत पसरली.

"आली एकदाची!" पारसालोईनं स्टिअरिंगवर थाप मारली. "दिवसभर डिझेल प्यायली बया. काका, आता घ्या नाव, आता हरकत नाही. यांनीच ठेवलंय, मॅडम. गाइड झाले त्या पहिल्याच पावसात, ही एवढीशी पिल्लू होती तेव्हा."

कोइनेतनं दुर्बीण गळ्यातून काढून खाली ठेवली. सिंहिणीकडे त्यानं पाहिलंच नाही. तो मागच्या सीटकडे वळला.

"सिमालोई," तो म्हणाला.