उसवलेला स्वेटर
माझ्या स्वेटरांचं दुकान लेकीने फोनवर नेलं, तेव्हापासून आम्ही मायलेकी ऑर्डरींपलीकडे बोलतच नाही. परवा तीन वर्षांपूर्वी विकलेला स्वेटर परत आला, सोबत चिठ्ठी: “मुलगा वाढला, उसवून मोठा करून द्याल?” लेक म्हणाली, “आई, परतीची मुदत सात दिवस! नाही म्हणून कळवते.” “अगं, तुझी आजी असे कितीतरी स्वेटर वाढवून द्यायची,” म्हणत मी उसवायला घेतलासुद्धा. आज धुऊन वाळवलेली लोकर लेकीच्या दोन्ही हातांवर चढवली आणि गुंडा करायला बसले. हात अडकल्यावर फोन कसला बघणार? कंटाळून ती मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगू लागली. मध्येच फोन वाजला. “अजून किती वेळ गं?” मीही आईला हेच विचारायचे. ती मुद्दाम हळू गुंडाळायची, हे आत्ता कळलं. “लोकर गुंतलीय, बस जरा,” मी म्हटलं. लोकर गुंतली नव्हती.