माक्याचं तेल

गरम खोबरेलात माक्याचा रस पडताच तडतड सुरू झाली आणि अनघा जरा मागे सरली. आई गेल्यावर तिने केलेल्या पहिल्या तेलाला आठवड्यातच बुरशी आली होती. आईने कुंडीत लावलेला उरलासुरला माका आज वाटून झाला होता. हेही तेल फुकट गेलं तर केसांना आईच्या तेलाचा तो वास पुन्हा यायचा नव्हता.

तेलात टाकलेल्या जास्वंदीच्या पाकळ्या काळ्या पडल्या. झालं असेल, असं समजून तिने सांडशी उचलली.

"उतरवू नकोस," बाहेरच्या खोलीतून बाबा म्हणाले. "रसातलं पाणी आटलं नाही अजून. ऐक की!"

"बाबा, टक्कल पडलेल्या माणसाने तेलातलं सांगू नये."

"टक्कल डोक्याला पडलंय, कानांना नाही. तुझी आई ढवळायची, मी इथे पेपर वाचायचो. तडतड थांबली की हाक मारायचो. तिचं निम्मं लक्ष रेडिओकडे. मागच्या वेळी मी नेमका फिरायला गेलो होतो."

"आई कधी बोलली नाही हे."

"कशाला बोलेल? नाव तिच्या तेलाचं होतं ना!"

अनघाला हसू फुटलं. बाबा आत येऊन ओट्याला टेकले. दोघं कान देऊन उभी राहिली. तडतड विरळ झाली, मधूनच एखादा थेंब फुटला, मग तोही नाही. आई गेल्यापासून घरातली शांतता तिला सोसवत नव्हती. आज तिने ती नीट ऐकून घेतली.

"झालं," ती म्हणाली आणि तिने गॅस बंद केला.