प्रेताला झोपून चालत नाही

डॉक्टरांनी सुई भरली आणि प्रेतमास्तरांनी डोळा उघडला. एकच.

“झोपेचं आहे का?”

झुबकेदार मिशीचे डॉक्टर मायाळू होते. म्हणाले, हो, आता शेवटाला उगाच हाल कशाला, शांत झोपेत सगळं उरकेल. मास्तरांनी डोळा मिटून घेतला.

“मग नको. प्रेताला झोपून चालत नाही.”

डॉक्टरांना वाटलं, ताप डोक्यात गेला. पण पायाशी बसलेल्या लेकीला हसू आलं, आणि अशा वेळी हसू आलं म्हणून तिनं तोंड फिरवून डोळे पुसले. बाबा बरळत नव्हते, धंद्याचा नियम सांगत होते.

मास्तर नाटक कंपनीत मरायचं काम करत. उभ्या जन्मात दुसरी भूमिका मिळाली नाही, त्यांनी मागितलीही नाही. पहिल्या अंकात खोकायचं, दुसऱ्यात मरायचं आणि तिसरा संपेस्तोवर रंगमंचाच्या मधोमध पडून राहायचं; रडणं, भांडणं, वाटण्या बाकीच्यांनी करायच्या. नवशिक्याला वाटतं, प्रेताचं काम म्हणजे फुकटची झोप. तो झोपतो आणि शोक ऐन रंगात आला की घोरतो. मास्तर टक्क जागे असत. श्वास आत आला, कळला. बाहेर गेला, कळला. पोट मात्र हलायचं नाही. नाकाला खाज सुटली की तिला मनात म्हणायचे, ये बाई, बस घटकाभर आणि जा. ती जायची. एकदा म्हणे एक माशी त्यांच्या कपाळावरून निघाली, नाकपुडीत डोकावली आणि आत कोणी राहत नाही अशी खात्री पटून निघून गेली. पुढच्या रांगेतला एक वैद्य तर थेट रंगमंचावर चढला, नाडी पाहून मान हलवत उतरला आणि उरलेलं नाटक न बघताच घरी गेला. खरंखोटं देव जाणे. माशीची साक्षीदार मात्र उशाशीच बसली होती.

ती त्यांची बायको. नाटकातही तीच. दर खेळाला विधवा व्हायची आणि पडदा पडला की हात देऊन नवऱ्याला उठवायची. उठा आता, हौस फिटली असेल तर.

डॉक्टर तिच्याकडे वळले. काकू, दुखणं अजून वाढेल, तुम्हीच सांगा काय करू. लेकही म्हणाली, आई, देऊ दे ना, मला बघवत नाही. सुई हातात तशीच थांबली. टेबलावरचा पंखा इकडून तिकडे मान फिरवत राहिला, जणू त्यालाही उत्तर हवं होतं.

तिनं वाकून विचारलं, “फार दुखतंय का हो?”

“दुखतंय. येतंय, बसतंय, जातंय.”

“सोसवेल?”

“अगं, जन्मभर तालीम केली. आता खरा खेळ लागलाय, तर तू मला झोपवतेस?”

तिनं लेकीकडे एकदा पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, ठेवा ती सुई. हाताशी असू द्या, मागितली तर द्या, पण त्यांनीच मागितली तर. डॉक्टरांनी सुई ताटलीत ठेवली आणि स्टूल ओढून बसले.

मास्तरांचा श्वास संथ होत गेला. कपाळावर आठी यायची, थांबायची, विरायची. तेवढ्यात बायकोनं अंगावरची शाल काढली, त्यांच्या छातीवर पसरली आणि खांदा असा आडवा धरला की खोलीतल्या कुणाला काही दिसू नये. डॉक्टर बिचारे नेमकी तीच छाती बघायला मान उंचावत होते. पण तिच्या हे ध्यानातही नव्हतं. नवऱ्याचा श्वास प्रेक्षकांपासून लपवणं हे तिचं आयुष्यभराचं काम होतं. रडणं हे वरचं.

मास्तर डोळे न उघडता म्हणाले, “काढ ती. आज लपवायचं काही नाही.”

तिनं शाल ओढून घेतली.

छाती वर आली, खाली गेली. सगळ्यांसमक्ष. भर दुपारच्या उजेडात. एवढी साधी गोष्ट, पण तिघंही अशी बघत बसली जशी याआधी कुणाला श्वास घेताना पाहिलंच नव्हतं. दोन श्वासांमधली जागा मोठी होत गेली. त्या जागेतही मास्तर जागे होते; चेहऱ्यावर दिसत होतं.

मग त्यांचे ओठ हलले. तिनं कान नेला.

हेही जुनंच. नाटकात ती छातीवर पडून हंबरडा फोडायची, तेव्हा प्रेत हळूच काहीतरी कुजबुजायचं. नायकाची मिशी सुटतेय बघ. ती हसू दाबायला तोंड खुपसायची, खांदे गदगदायचे, आणि सगळं थिएटर रुमाल काढायचं. तिच्या रडण्याची गावोगाव ख्याती होती ती अशी.

आताही तिनं कपाळ त्यांच्या छातीवर टेकलं. खांदे गदगदू लागले. लेकीला हुंदका फुटला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला.

बऱ्याच वेळानं ती उठून बसली. डॉक्टरांनी नळी लावून ऐकलं, पुन्हा ऐकलं, तरी खात्री वाटेना म्हणून तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली.

“बाबा काय म्हणाले गं शेवटी?” लेकीनं विचारलं.

तिनं शालीची नीट घडी घातली. डोळे वाहत होते, ओठ मात्र अजून दाबलेले होते.

“म्हणाले, डॉक्टरांची मिशी सुटतेय.”

डॉक्टरांचा हात नकळत मिशीकडे गेला.